मीठ मारलेला बर्फ

कोकिळाच्या घरात काही वाया जात नसे. चौलच्या त्या आळीत खर्चाचा विषय निघाला की बायका तिचंच नाव काढायच्या, कुणी कौतुकानं, कुणी जरा नाक मुरडून. साबणाचा पातळ तुकडा उरला की तो नव्या वडीला चिकटवायचा. तांदूळ धुतलेलं पाणी अळूला घालायचं. चुलीला वाडीतल्या सुक्या झावळ्या, नारळाची सोडणं, पोफळीच्या झापा; गॅस फक्त पाहुणा आला तर चहापुरता. पावसाळ्याची सुकट आणि बोंबील एप्रिलातच भरून ठेवायचे. जुन्या साडीची गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं, आणि पायपुसण्याचंही काही राहिलं नाही की त्याच्या चिंध्या चुलीपुढे भांडी उतरवायला. माणूस एवढा चिकट असू नये असं कुणाला वाटलं तर वाटो. पण तिच्या जागी दुसरी कुणी असती तर तिनं सहा महिन्यांत हात टेकले असते.

कारण ही काटकसर तिनं हौसेनं मांडलेली नव्हती. मुलगी मानसी बारा वर्षांची असताना तिला साखरेचा आजार निघाला. म्हाताऱ्यांना होतो तो नव्हे, पोरांना होतो तो. त्याला गोळी चालत नाही, रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई टोचावीच लागते, जन्मभर. ते कसंबसं अंगवळणी पडतंय तोच नवरा गणराज सुपारी काढताना पोफळीवरून खाली आला. जीव वाचला, कंबर गेली. आता तो पडवीत बसून नारळाच्या पातीचे हीर सोलायचा आणि खराटे बांधायचा. खराट्यांवर घर चालत नाही. घर चालायचं कोकिळाच्या पगारावर, आणि कोकिळा नागावला विनितावहिनींच्या होमस्टेमध्ये पर्यटकांना घावणे आणि सुरमईचं कालवण करून घालायची.

लग्नाआधी चार वर्षं ती रेवदंड्याच्या बंदरावर मासळीच्या डेपोत भराईला होती. पापलेट निवडायचं, थर्माकोलच्या खोक्यात रचायचं, वर बर्फाचा चुरा आणि चुऱ्यावर खडेमीठ. नुसत्या बर्फानं मासळी थंड राहते, मीठ मारलं की दगड होते, हे ती तिथं शिकली. मुंबईच्या गाडीला दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकेल असं खोकं भरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. डेपोवाला तिला शोधत घरी यायचा. शिक्षण सातवीपर्यंतच झालेलं, पण हे एक इल्म आपल्या हातात पक्कं आहे, हे तिला ठाऊक होतं आणि त्याचा तिला अभिमानही होता.

तर यंदाच्या मार्चात विजेचं बिल आलं आणि ते बघून गणराज म्हणाला, ‘‘कोकिळे, मीटर बिघडलाय का गो?’’

मीटर बिघडला नव्हता. फ्रीज जुना होता, दिवसभर घरघरत होता आणि त्याच्या पोटात होतं काय, तर इन्सुलिनच्या दोन बाटल्या आणि कोथिंबिरीची जुडी. कोकिळानं त्याच दिवशी प्लग काढला. फ्रीजचं दार पुसून आत मानसीची पुस्तकं रचली, म्हणजे त्यांना वाळवी लागणार नाही.

‘‘आणि औषध?’’ गणराजनं विचारलं. ‘‘दुकानदार काय म्हनला व्हता? फ्रीजच्या दारात ठेवा.’’

‘‘थंड ठेवा म्हनला व्हता. थंड कसं ठेवायचं ते मला शिकवू नका.’’

शेजारच्या केसरकाकींनी हे ऐकलं. त्यांचा मुलगा कंपनीत, घरात दोन दारांचा फ्रीज. त्या कुंपणावरून म्हणाल्या, ‘‘कोकिळा, माज्याकडं ठेव ना. दोन बाटल्या त्या, त्यांना कितीशी जागा लागते?’’

‘‘नको काकी. रोज सकाळी पोरीनं तुमचं दार वाजवायचं, बरं दिसतं का?’’

बरं दिसलं असतं. काकींना तर आनंदच झाला असता. पण कोकिळानं कुणाचे उपकार घेतले की तिला रात्री अन्न पचायचं नाही, आणि हा स्वभाव पैसे वाचवण्याच्या स्वभावाहून जास्त महाग असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिची योजना अशी. विनितावहिनींकडे पाहुण्यांच्या पार्ट्यांसाठी रोज बर्फाची लादी यायची. निम्मी उरायची आणि दुसऱ्या दिवशी मोरीत वितळून जायची. फुकट जाणारा बर्फ! कोकिळा दुपारी काम आटोपून निघताना डबाभर तुकडे गोणपाटात गुंडाळून आणू लागली. डेपोतलं एक जुनं थर्माकोलचं खोकं माळ्यावर होतंच. त्यात बर्फाचा चुरा, त्यावर दोन मुठी खडेमीठ, मधोमध स्टीलच्या डब्यात बाटल्या, वरून पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ, आणि झाकणावर गोधडी. दुसऱ्या दिवशी दुपारी उघडलं तरी आत हात घालवत नसे, इतकी थंडी. तिनं गणराजचा हात धरून आत घातला आणि म्हणाली, ‘‘बघा. फ्रीजच्या बापाला जमंल का असं?’’

पुढच्या महिन्याचं बिल निम्म्यावर आलं. मग तिनं आणखी एक शहाणपण केलं. अलिबागला एक दुकानदार तीन महिन्यांचं इन्सुलिन एकदम घेतलं तर सूट देत होता. तिनं गळ्यातली पोत मोडली आणि नऊ बाटल्या एकदम आणल्या. बाटल्यांच्या कागदी डब्या बर्फात भिजून लगदा होतील म्हणून आधीच काढल्या आणि चुलीला दिल्या. त्या डब्यांवर बारीक इंग्रजीत काय काय छापलेलं असतं, ते घरात वाचलंच असतं तर मानसीनं. आणि मानसी तेव्हा अकरावीच्या परीक्षेला गेली होती.

सवलतीतून वाचलेल्या पैशात एक ड्रेस आला. निळा, गळ्याशी पांढरं भरतकाम, मानसीनं अलिबागच्या बाजारात तीनदा हात लावून पाहिलेला. तिनं तो घरी येताच अंगावर धरला आणि आरशासमोर उभी राहिली. ‘‘आई, उद्या काकींच्या मितेशदादाच्या साखरपुड्याला घालू?’’

‘‘साखरपुड्याला कोन बघतंय? घामानं वाट लागंल. बारावीच्या पयल्या दिवशी घाल.’’

मानसीनं हट्ट केला नाही. तिला हट्ट करता येत नव्हता, एवढ्या लहानपणी आजारी पडलेली पोरं हट्ट करायचं विसरतात. तिनं घडी घातली, किमतीची चिठ्ठी तशीच ठेवून ड्रेस ट्रंकेत तळाशी ठेवला.

मे लागला. रोज सकाळी मानसी खोक्यातून बाटली काढायची. ती दगडासारखी कडक झालेली असायची. मग ती बाटली काखेत धरून पंधरा मिनिटं पडवीत बसायची, बापाशी गप्पा मारत. वितळली की सुई भरायची. एकदा तिनं बाटली उजेडात धरली.

‘‘आई, यात गुठळ्या दिसतात गो. काचेला चिकटल्यात.’’

‘‘हलव नीट. खाली बसलं असंल.’’

तिनं हलवली. थोड्या विरघळल्या, थोड्या तशाच राहिल्या.

साखर मोजायच्या पट्ट्या महाग. म्हणून त्या घरात साखर फक्त रविवारी मोजायचे. पहिल्या रविवारी आकडा जास्त आला. कोकिळा म्हणाली, साखरपुड्याला काय खाल्लंस? दुसऱ्या रविवारी त्याहून जास्त. तिसऱ्या रविवारी यंत्रानं आकडाच दाखवला नाही, नुसती इंग्रजी अक्षरं दाखवली. मानसी म्हणाली, म्हणजे खूपच वर आहे.

पोरगी वाळत चालली होती. कळशीभर पाणी दिवसात एकटी संपवायची, रात्रीतून चार-चारदा उठायची. कोकिळाला वाटलं, उकाडा आहे, सगळेच पितायत. पण आकडा उकाड्यानं चढत नाही. आकडा चढतो तो खाण्यानं. आणि घरातलं खाणं तर कोकिळाच्या हातातलं होतं, मोजून-मापून. मग पोरगी बाहेर काहीतरी खाते, हे तिनं मनाशी धरलं. एकदा धरलं ते धरलं.

मंगळवारी ती कामावरून आली तेव्हा न्हाणीच्या मागं तिला आंब्याची कोय सापडली. ताजी, चोखून पांढरी केलेली.

‘‘ह्ये काय हाय?’’

मानसी पडवीत भिंतीला टेकून बसली होती. ‘‘मला काय म्हाईत.’’

‘‘तुला न्हाय तर कोनाला म्हाईत? तुजा बाप उठून आंबे पाडायला जातो का?’’

‘‘माकडानं टाकली असंल गो,’’ गणराज म्हणाला. ‘‘सकाळपासून वाडीत माकडं हायत.’’

‘‘तुमी गप ऱ्हावा! तुमच्या लाडानंच ह्ये झालंय.’’ कोकिळाचा आवाज चढला आणि चढतच गेला. पाच वाजता उठून ती पायी स्टॉपपर्यंत जाते ते कशासाठी, गळ्यातलं सोनं गेलं ते कशासाठी, सणाला घरात गोड शिजत नाही ते कशासाठी. घरातल्या तिघांनी मिळून आंब्याकडे पाठ फिरवायची आणि जिच्यासाठी फिरवायची तिनंच न्हाणीमागं लपून चोखायचा? ‘‘माज्या गळ्याची शप्पथ घे. घे शप्पथ.’’

‘‘तुजी शप्पथ, मी न्हाय खाल्ला.’’

कोकिळानं तिच्या कानाखाली वाजवली. पोरीवर तिनं आजवर हात उचलला नव्हता. शप्पथ खोटी घेतली याचाच तिला जास्त संताप आला होता.

मानसी रडली नाही. रडायला तिच्या अंगात पाणी उरलं नसावं. ती जमिनीकडे बघत हळू म्हणाली, ‘‘खाल्ला आई. एकच खाल्ला. परत न्हाय खाणार.’’

‘‘मग आधीच बोलली असतीस तर?’’

कोकिळाचा जीव भांड्यात पडला. खरंच पडला, ते लपवण्यात अर्थ नाही. कारण सापडलं म्हणजे उपाय सापडला. तिनं दुसऱ्या दिवसापासून पोरीचा भात बंद केला, नाचणीची अर्धी भाकरी आणि भाजी ठेवली. सुईत दोन खुणा जास्त भरायला लावल्या. बाटल्या पुरायला हव्यात म्हणून तीन नाही, दोनच.

शुक्रवारी सकाळी मानसीनं पडवीतच ओकारी काढली. तिच्या तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता. कोकिळाच्या मनात क्षणभर पुन्हा आंबाच आला. मग तिनं पोरीचा श्वास पाहिला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि डोळे उघडे असून कुठंच बघत नव्हते.

केसरकाकींच्या पुतण्याची मिनिडोअर रिक्षा होती. काकींनी काही न विचारता त्याला उठवून आणलं. गणराज कंबर धरून मागं बसला, कोकिळानं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. अलिबागपर्यंत ती एकच वाक्य बोलत राहिली, ‘‘मानसी, झोपू नको. मानसी, झोपू नको गो.’’

इस्पितळात पोरीला आत नेलं. नळ्या लावल्या. तासाभरानं एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. दमलेली होती, पण बोलायला मायाळू होती. तिनं खुर्ची ओढली आणि कोकिळाच्या समोर बसली.

‘‘इंजेक्शन चुकवत होती का?’’

‘‘एक बी दिवस न्हाय. माज्यासमोर घेते.’’

‘‘डोस बरोबर घेत होती?’’

‘‘उलट दोन खुणा जास्तच. मॅडम, तिनं आंबा खाल्ला. कबूल केलंय तिनं.’’

‘‘एका आंब्यानं एवढं होत नाही.’’ डॉक्टरीण म्हणाली. ‘‘इन्सुलिन ठेवता कुठं?’’

आणि त्या तसल्या वेळीही कोकिळाचा चेहरा जरा उजळला. या एका प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे चोख होतं.

‘‘फ्रीज बंद हाय आमचा. पन त्याची काळजी नको. मी डेपोत काम केलंय, मॅडम. बर्फात ठेवते, मीठ मारून. येकदम कडक ऱ्हातं. सकाळी पोरगी काखेत धरते तवा कुठं सुटतं.’’

डॉक्टरणीनं गणराजकडे पाहिलं, पुन्हा कोकिळाकडे पाहिलं. बोलावं की न बोलावं असं तिच्या मनात चाललं असावं. शेवटी ती म्हणाली, ‘‘किती दिवसांपासून?’’

‘‘दोन म्हयनं होत आलं. सुरवातीला बर्फ थोडाच मिळायचा. गेला म्हयनाभर भरपूर मिळतो. का वो?’’

‘‘ते थंड ठेवायचं असतं, आई. गोठवायचं नसतं. एकदा गोठलं की मोडतं. मग वितळलं तरी त्यात औषध राहत नाही. महिनाभर तिच्या अंगात जवळजवळ काहीच गेलं नाही.’’

कोकिळाला आधी अर्थ लागला नाही. मासळी गोठली की टिकते. गोठवतात ते टिकवायलाच ना? मग तिला काखेत बाटली धरून बसलेली मानसी दिसली, काचेला चिकटलेल्या गुठळ्या दिसल्या. हलव नीट. आणि मग तो मंगळवार. तुजी शप्पथ, मी न्हाय खाल्ला.

‘‘न्हाय खाल्ला तिनं,’’ ती गणराजला म्हणाली. ‘‘अवं, तिनं खाल्लाच नव्हता.’’

गणराजनं मान डोलावली. त्याला ते मंगळवारीच माहीत होतं.

‘‘मग ती व्हय का म्हनली?’’

‘‘तू थांबावीस म्हनून.’’

त्यानं हे चिडून म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तो चिडला नव्हता.

शनिवारी डॉक्टरीण म्हणाली, मेंदूला सूज आहे, बघू. ‘बघू’ म्हणताना ती कुणाकडे बघत नव्हती. कोकिळाला काचेच्या दारातून पाच मिनिटं आत सोडलं. तिनं पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, ‘‘तू खरी व्हतीस. आयकलंस? तू खरी व्हतीस, मीच खोटी.’’ मशिनचा आवाज येत राहिला. पोरीच्या गालाकडे कोकिळाला बघवेना. तिथं वळ कधीच राहिला नव्हता, तरी बघवेना.

रविवारी दुपारी गणराज म्हणाला, ‘‘घरी जाऊन ये. तिचे कपडे आन, रेशनकार्ड बी मागितलंय. मी बसतो.’’ ती एसटीनं चौलला आली. स्टॉपवरून घरापर्यंत चालताना तिला वाटेत पडलेली एक सुकी झावळ दिसली, आणि तिनं वाकून ती उचलली. चार पावलं गेल्यावर आपण काय करतोय हे तिच्या ध्यानात आलं. तिनं झावळ तिथंच टाकली.

घरात खोकं तसंच होतं. बर्फाचं पाणी झालेलं, मिठाचा राप कडेला बसलेला. डब्यात सहा बाटल्या. तिनं एकेक पुसली. फ्रीजमधून मानसीची पुस्तकं काढून खाटेवर रचली आणि प्लग लावला. फ्रीज घरघरला आणि चालू झाला. तिनं सहाही बाटल्या दारातल्या कप्प्यात ओळीनं उभ्या केल्या. त्यांत आता पाण्याशिवाय काही नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण टाकायचं म्हटलं की तिचा हात चालत नव्हता.

केसरकाकी दारात येऊन उभ्या राहिल्या. आतली फ्रीजची घरघर त्यांनी ऐकली. ‘‘चहा आणू?’’ एवढंच म्हणाल्या.

‘‘आना,’’ कोकिळा म्हणाली. काकींनी काही देऊ केलं आणि तिनं ते घेतलं, असं बावीस वर्षांत पहिल्यांदा झालं.

तिनं पिशवी भरायला घेतली. दोन जुने गाऊन, विटलेली ओढणी, टॉवेल. इस्पितळात चांगले कपडे कशाला, डाग पडतात. काकी चहा घेऊन आल्या तेवढ्यात फोन वाजला. गणराज होता. पहिल्यांदा नुसता श्वास ऐकू आला.

‘‘भरलीस का पिशवी?’’

‘‘व्हय. जुने दोन गाऊन घेतलेत.’’

‘‘जुने नको आनू.’’ मागं कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. ‘‘त्यो निळा आन, कोकिळे. नवा.’’

तिनं का म्हणून विचारलं नाही. फोन खाली ठेवला, ट्रंक उघडली आणि तळातून ड्रेस काढला. घडी मानसीनं घातली होती तशीच होती. काकींनी चहाचा कप जमिनीवर ठेवला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. ड्रेसला किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती. कात्री शोधायला ती उठली नाही. तिनं दोरा दातात धरला आणि तोडला.